तुलादान आणि लिलाव

माणसाला तागडीत घालावे की घालू नये, असा प्रश्न कोणी विचारला तर ऐकणारा म्हणेल, 'अहो, माणूस म्हणजे काय गुळाची ढेप आहे?' आणि असे म्हणून तो घरी जाईल नि मुलीसाठी आलेल्या दोन स्थळांपैकी कोणते बरे, याचा विचार करीत बसेल. एकाची नोकरी पक्की पण जमीन नाही. दुसऱ्याला जमीन आहे पण डोके तापट. हे तोलणे नव्हे तर दुसरे काय? आपली भाषाच पाहा. अमक्याच्या शब्दाला वजन आहे, तमका भारदस्त आहे आणि तिसरा अगदीच हलका, असे आपण सहज बोलतो. पंचायतीचा उमेदवार, दुकानातला नोकर, शाळेतला मास्तर, मुलाची बायको, ही सगळी माणसे आपण कधी ना कधी मनातल्या पारड्यात घातलेली असतात. मात्र ती तागडी आपण पदराखाली धरतो.

खेळाच्या जगात ती उघड्यावर टांगलेली असते. तेथे माणसाचा भाव ठरतो, तो वर्तमानपत्रात छापून येतो, आणि चहाच्या दुकानात बसलेला कोणीही मनुष्य तो भाव जास्त झाला की कमी, हे बेधडक सांगू शकतो. म्हणून या प्रश्नाचा विचार मी तेथूनच करू म्हणतो. झाकून केलेल्या गोष्टीपेक्षा उघड केलेली गोष्ट तपासावयास सोपी असते.

आमच्या महाड-पोलादपूरकडे फुटबॉल हा पाहुणा खेळ. घरचा खेळ कबड्डी. तथापि मुंबईला चाकरीस गेलेला माणूस दिवाळीला परत येताना मिठाईबरोबर नवनव्या आवडीही घेऊन येतो, आणि आता तर हातातल्या मोबाईलने अंधेरीचे मैदान सावित्रीच्या काठावर आणून ठेवले आहे. भातकापणी झालेल्या रिकाम्या शेतात पोरे चेंडू लाथाडतात आणि एस. टी. स्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात मोठी माणसे वाद घालतात : मुंबईच्या संघाने आघाडीला कोणाला घ्यावे? आघाडीचा खेळाडू म्हणजे ज्याला स्ट्रायकर म्हणतात तो. गोल करणे हे ज्याचे काम, आणि गोल झाला नाही तर शिव्या खाणे हेही ज्याचेच काम. वाद घालणाऱ्यांपैकी एकानेही त्या खेळाडूला मैदानावर प्रत्यक्ष पाहिलेले नसते. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल, ही म्हण आपल्या पूर्वजांनी बहुधा अशाच एखाद्या वादातून रचली असावी.

परंतु या वाद घालणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही. ज्यांच्या हातात पैसा असतो, त्यांची म्हैसही पुष्कळदा पाण्यातच असते.

२०१५ सालच्या जुलै महिन्यात मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी भारतीय खेळाडूंचा चक्क लिलाव झाला. त्यात सुनील छेत्रीवर मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांची बोली लावली, आणि त्या दिवसाची ती सर्वांत मोठी बोली ठरली. छेत्री हा तेव्हा भारतातला सर्वांत भरवशाचा आघाडीवीर होता, याबद्दल दुमत नव्हते. त्या हंगामात त्याने एका सामन्यात तीन गोलही केले. पण मुंबईचा संघ उपांत्य फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. मग १ कोटी २० लाख वाया गेले काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. घेतलेला माल खरा होता. फक्त एक चांगला बैल घेतल्याने सबंध नांगरट होत नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले.

याहून बोलके उदाहरण त्यानंतरचे आहे. २०२०–२१ चा हंगाम करोनाच्या साथीमुळे सगळाच्या सगळा गोव्यात, प्रेक्षकांवाचून खेळला गेला. मुंबई सिटीकडे नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे होता आणि इंग्लंडचा ॲडम ल फाँड्रे होता. गोव्याच्या संघाकडे स्पेनचा इगोर अँगुलो होता. आकडे पाहिले तर अँगुलो १४ गोल, ल फाँड्रे ११, ओग्बेचे ८. अंतिम सामना १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला झाला. एटीके मोहन बागानशी १–१ अशी बरोबरी होती. सामना संपता संपता ९०व्या मिनिटाला चेंडू ओग्बेचेच्या पायाशी आला, त्याने तो बिपिन सिंगच्या पुढ्यात आणून दिला, आणि बिपिनने गोल केला. मुंबईने पहिल्यांदा चषक जिंकला. हिशेबाच्या वहीत तो गोल बिपिन सिंगच्या नावावर आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ओग्बेचे मुंबईत राहिला नाही. मुंबईकडे आला तो १४ गोलांचा मानकरी अँगुलो. दोघेही १९८४ सालचेच, म्हणजे वयाचा प्रश्न सारखाच. आकड्यांच्या तागडीत पाहिले तर सौदा उघडउघड फायद्याचा होता. पुढे काय झाले? २०२१–२२ मध्ये अँगुलोने मुंबईसाठी १० गोल केले. ते काही थोडे नव्हेत. परंतु मुंबई पाचवी आली आणि बाद फेरीबाहेर राहिली. ओग्बेचे हैदराबादला गेला, त्याने १८ गोल केले, हंगामातला सर्वाधिक गोलांचा मान मिळवला, आणि हैदराबादने चषक जिंकला.

चहाच्या दुकानातला विद्वान आता म्हणेल, 'बघा, मी सांगत होतो!' तो काही सांगत नव्हता. निकाल लागल्यावर निवडीचा न्याय करणे ही जगातली सर्वांत स्वस्त बुद्धिमत्ता आहे. निवड ही त्या दिवशी जे ठाऊक होते त्यावरून करावयाची असते, आणि त्या दिवशी १४ हा आकडा ८ या आकड्यापेक्षा मोठाच होता. म्हणून प्रश्न 'निवड बरोबर की चूक' हा नाहीच. आठ आणि चौदा हे आकडे नेमके कशाचे वजन सांगत होते, हा प्रश्न आहे.

गोल एका माणसाच्या नावावर लिहिला जातो, पण तो एक माणूस करीत नाही. बचावपटू चेंडू हिसकावून घेतो, मधल्या फळीतला कोणी तो फिरवतो, बाजूने धावणारा कोणी प्रतिस्पर्ध्याला ओढून नेतो, आणि मग शेवटचा पाय लागतो तो आघाडीवीराचा. कळसाचा दगड बसवणाऱ्याला आपण देवळाचा कर्ता म्हणत नाही, पण फुटबॉलमध्ये जवळजवळ तसेच म्हणतो. कधी कधी कळसही भलताच कोणी बसवतो. १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मैदानावर बंगळूर आणि गोवा यांचा अंतिम सामना होता. गोव्याकडे त्या हंगामात १६ गोल करणारा कोरो होता. बंगळूरकडे छेत्री होता, मिकू होता. सगळी बक्षिसे, सगळे मोठमोठे भाव आघाडीवर उभे होते. गोल होता होईना. शेवटी जादा वेळेच्या अगदी अखेरीस, ११७व्या मिनिटाला, एका कोपऱ्यावरच्या किकवर डोके लावून सामना जिंकून दिला तो राहुल भेके या मुंबईच्या मुलाने. आणि तो होता बचावपटू.

कबड्डीत याचे आणखी ठळक उदाहरण सापडते. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना यू मुंबाकडे गेला, आणि त्याने त्या हंगामात चढायांचे २००हून अधिक गुण मिळवले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतले. त्या गड्याने आपल्या कामात कसूर केली नाही. त्या वर्षीही त्याचे चढायांचे गुण २००च्या वरच होते. पण बारा संघांत टायटन्स अकरावे आले, आणि तो गेल्यानंतरचे यू मुंबा मात्र उपांत्य फेरीत पोहोचले. चढाई करणारा एकटा जातो, हे दिसते. पण तो बाद झाला की त्याला पुन्हा आत आणणारे पकड करणारे हात असतात, ते तागडीत कोणी घालीत नाही.

हिशेबनीस मंडळी आता पुष्कळ हुशार झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. गोल किती झाले, एवढ्यावर ती थांबत नाहीत. किती व्हावयास हवे होते, तेही मोजतात. मैदानावरच्या अमुक जागेवरून, अमुक प्रकारे मारलेल्या फटक्यांपैकी आजवर किती आत गेले, हे पाहून प्रत्येक फटक्याला एक अपूर्णांक देतात. पेनल्टीचे चारांपैकी तीन गोल होतात, म्हणून तिला पाऊण गोलाच्या जवळचा भाव. लांबून मारलेल्या फटक्याला त्याचा लहानसा अंश. अशा बेरजेवरून माणूस नशिबाने मोठा दिसतो की कसबाने, याचा अंदाज येतो. गुरांच्या बाजारात बैलाचे दात पाहतात, खूर पाहतात, चार पावले चालवून पाहतात, आणि मग दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. त्या मानाने ही पद्धत कितीतरी अधिक प्रामाणिक. परंतु एवढे करूनही पायाचेच वजन कळते. तो माणूस नव्या गावी, नव्या भाषेत, नव्या अन्नावर, घरच्या माणसांवाचून, अनोळखी सोबत्यांत कसा रुजेल, हे कोठल्या अपूर्णांकात बसवणार? भाताचे रोप एका वाफ्यात डोलत होते म्हणून दुसऱ्या वाफ्यात लावल्यावर ते तसेच डोलेल, असे कोकणातला कोणताही शेतकरी तुम्हाला सांगणार नाही.

निवडीची सर्वांत जुनी गोष्ट आपल्याकडे महाभारतात आहे. उद्योगपर्वात दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेला जातात. एका बाजूला सबंध नारायणी सेना, आणि दुसऱ्या बाजूला एकटा कृष्ण, तोही निःशस्त्र, न लढण्याची अट घातलेला. अर्जुन कृष्णाला मागतो आणि दुर्योधन मनातल्या मनात हसतो. दुर्योधनाला मूर्ख ठरवण्याची आपल्याला घाई असते; पण वस्तुतः त्याच्या गणितात चूक नव्हती. लढाईत लढणारे हात लागतात, आणि त्याने अधिक हात मोजून घेतले. त्याची चूक मोजण्याच्या आधीची होती : काय मोजावयाचे, हे ठरवण्यात. आणि ती चूक मोजणाऱ्याला कधीच दिसत नाही, कारण त्याचा आकडा तर बरोबरच आलेला असतो.

येथपर्यंतचा विचार शहाणपणाचा झाला. नीतीचा अजून झालेला नाही. माणसाला तोलणे अवघड आहे, म्हणून ते अयोग्य ठरत नाही. मग योग्य-अयोग्य कोठे येते?

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८५ साली लिहिलेल्या नीतिविचारात एक भेद केला आहे. ज्याच्या जागी त्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते, आणि ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते. मी काही तत्त्वज्ञान शिकलेला मनुष्य नव्हे; मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण हा भेद समजावयास पदवी लागत नाही. आघाडीवीराच्या जागी दुसरा आघाडीवीर येतो, अंगरख्यावरचा आकडासुद्धा तोच राहतो. तोच खेळाडू घरी कोणाचा बाप असतो, आणि त्या जागी बदली खेळाडू मिळत नाही. एकाच देहात किंमत असलेले काहीतरी आणि किंमत नसलेले काहीतरी असे दोन्ही एकत्र नांदते. बाजार पहिल्याचा भाव करतो, तेथवर तक्रार नाही. पहिल्याबरोबर दुसरेही आपण विकत घेतले, असे जेव्हा बाजाराला वाटू लागते, तेव्हा अनीती सुरू होते.

युरोपातल्या फुटबॉलमध्ये ती कित्येक वर्षे राजरोस चालू होती. खेळाडूचा करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडे त्याचे पैसे मागू शके, आणि पैसे मिळाले नाहीत तर खेळाडू अडकून पडे. बेल्जियमच्या बोसमान नावाच्या एका साध्या खेळाडूचे असेच झाले. तो कोर्टात गेला, आणि डिसेंबर १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने निकाल दिला की करार संपला, तेव्हा युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. आज जे खेळाडू मोकळेपणाने एका संघातून दुसऱ्या संघात जातात, त्यांच्यापैकी कितीजणांना बोसमानचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे. वाचक म्हणतील, 'कोटी कोटी रुपये घेणाऱ्यांचे दुःख आम्ही कशाला वाहावे?' वाहू नये. पण पैसे पुष्कळ मिळतात म्हणून माणूस विकला गेला असे होत नाही, आणि पैसे थोडे मिळतात म्हणून तो सुटला असेही नाही.

आपल्याकडे याच अनीतीचे एक निराळे रूप होते, आणि त्याचा विसर पडू देणे महाडच्या माणसाला तरी शोभणार नाही. बाळू पालवणकर हा चांभार समाजातला गोलंदाज. पुण्याला गोऱ्या साहेबांच्या क्लबात तो खेळपट्टीची निगा राखी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकी. त्याची डावखुरी फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू संघापुढे प्रश्न पडला : याला घ्यावे काय? साहेबाला हरवावयाचे तर हा हवा. पण शिवाशिव मोडावयाची तर धर्म जातो. तोड काढण्यात आली. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सर्वांनी झेलावा. पण चहाच्या वेळी त्याने मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा घ्यावा. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हा एकट्या बाळूने शंभराहून अधिक बळी मिळवले. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. त्याचा भाऊ विठ्ठल १९२३ साली कर्णधार झाला, तोवर बाळूचा काळ सरला होता.

पाहा, येथे तागडी खोटी नव्हती. निवड समितीने बाळूच्या गोलंदाजीचे वजन अगदी अचूक केले होते. म्हणूनच ही गोष्ट मला भयंकर वाटते. कसब उचलून घेतले आणि माणूस दाराबाहेर ठेवला. आमच्या गावच्या चवदार तळ्याची गोष्ट याहून वेगळी नाही. १९२४ साली नगरपालिकेने ठराव करून तळे सर्वांना खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांचा एक माणूस त्या पाण्याला हात लावू शकला नव्हता. ज्यांच्या श्रमावाचून गावाचा गाडा एक दिवस चालला नसता, त्यांच्या श्रमाची किंमत गावाला ठाऊक होती. ओंजळभर पाण्याचा अधिकार मात्र त्या किमतीत धरलेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी तळ्यावर जे केले, ते माझ्या समजुतीने हेच : माणसाची प्रतिष्ठा कोणाच्या तागडीवर अवलंबून नाही, हे त्यांनी ओंजळीने सांगितले.

आता मोठ्यांच्या गोष्टी सोडून माझ्या लहानशा अधिकाराकडे वळतो. कारण ज्याच्या हातात थोडीदेखील तागडी आहे, त्याने दुसऱ्याच्याच तागडीबद्दल बोलत राहणे बरे नव्हे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि खेळाचा तासही माझ्याकडेच असतो. पावसाळा सरत आला की तालुक्याच्या स्पर्धेसाठी कबड्डीचा संघ निवडावयाचा. सात खेळणारे आणि पाच राखीव, अशी बारा मुले. उभी राहतात चाळीस. शालेय कबड्डीत वयाबरोबर वजनाचीही अट असते, म्हणून मुलांना खरोखरच काट्यावर उभे करावे लागते. आदल्या दिवसापासून न जेवलेली मुलेही त्यांत असतात. बारा नावे वाचून दाखवली की अठ्ठावीस मुले काही न बोलता चपला शोधू लागतात. ती पाच मिनिटे माझ्या वर्षातली सर्वांत लांब पाच मिनिटे.

एकदा त्या अठ्ठावीसांपैकी एक जण थांबला. दररोज दोन डोंगरवाड्या ओलांडून येणारा मुलगा. म्हणाला, "सर, माझ्यात काय कमी आहे?"

मी म्हटले, "तुझ्यात नाही रे. तुझ्या चढाईत कमी आहे. आत जातोस वाघासारखा, पण परतताना पाठ दाखवतोस. तेवढ्यात कोपऱ्यावरचा तुझा पाय धरतो."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते सुधारलं तर पुढच्या वर्षी घ्याल?"

"सुधारलंस तर पुन्हा पाहीन. घेईनच, असं आज सांगत नाही."

त्याने मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी संघाच्या सरावाला तो आला, तेव्हा त्याला कोणी नाही म्हटले नाही. चढाई करणाऱ्यांना समोर उभे राहणारे सात लागतातच.

या संभाषणावरून मला जे वाटते ते असे. तोलणाऱ्याने आपण काय तोलले, हे तोललेल्याला तोंडावर सांगता आले पाहिजे. जे सांगता येत नाही, ते कारण बहुधा नीतीला धरून नसते. 'तुझी चढाई कच्ची आहे' हे मी त्या मुलाच्या डोळ्यांत पाहून सांगू शकतो. 'तुझा बाप अमुक आहे', 'तुझी वाडी तमुक आहे', 'तुझे आडनाव माझ्या ओळखीचे नाही', हे कोणता शिक्षक तोंडावर सांगेल? बाळू पालवणकराला कर्णधार का केले नाही, याचे खरे कारण त्याच्या तोंडावर सांगावयाची पाळी आली असती, तर निवड समितीच्या किती सभासदांची मान वर राहिली असती?

मला स्वतःलाही पारड्याची दुसरी बाजू ठाऊक आहे. एका संस्थेच्या मुलाखतीत माझ्या दोन कादंबऱ्या टेबलावर होत्या आणि विचारणा मात्र पदवीच्या कागदाचीच झाली. कागद नव्हता, जागा मिळाली नाही. त्यांनी कारण स्पष्ट सांगितले, म्हणून मी राग धरला नाही. नियम त्यांचा होता आणि तो सर्वांना सारखा होता. मला खुपले ते निराळेच. उठताना त्यांच्यापैकी एकाने त्या कादंबऱ्या न चाळताच माझ्याकडे सरकवल्या, हॉटेलातली रिकामी बशी सरकवावी तशा. नकार देणे त्यांचा अधिकार होता. ती बशी सरकवणे त्या अधिकारात बसत नव्हते.

नाकारलेल्यांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. तागडी एका दिवसाची असते आणि माणूस पुष्कळ दिवसांचा. इंग्लंडच्या जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी त्याच्या क्लबाने अंगाने लहान म्हणून सोडून दिले. तो कारखान्यात काम करून खालच्या पायरीच्या संघांतून खेळत राहिला. २०१२ साली लेस्टरने त्याला घेतले, आणि २०१५–१६ मध्ये त्या संघाने इंग्लंडचे विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यात वार्डीचे २४ गोल होते. या गोष्टीवरून 'नाकारलेला प्रत्येक जण मोठा होतो' असा धडा काढणारे पुष्कळ भेटतात. तो धडा खोटा आहे. नाकारलेल्या हजारांपैकी एखादाच वार्डी होतो. बाकीचे रिक्षा चालवतात, दुकान सांभाळतात, मुंबईला नोकरी धरतात. आणि ते काही हरलेले नसतात. खेळाडू म्हणून मोठा झाला तरच सोडून दिलेल्या मुलाचे आयुष्य सार्थकी लागले, असे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच तागडीला शरण जाणे होय. मी जे म्हणतो ते एवढेच, की एका दिवसाच्या वजनाला कोणी आयुष्याचे वजन समजू नये. घेणाऱ्यानेही नाही आणि ज्याला घेतले नाही त्यानेही नाही.

महाडहून पंचवीसएक किलोमीटरवर रायगड आहे. १६७४ साली तेथे राज्याभिषेक झाला, तेव्हाच्या विधींत महाराजांचे सुवर्णतुलादान झाले. एका पारड्यात राजा आणि दुसऱ्या पारड्यात सोने. दान घेणाऱ्यांच्या रांगेत कोण होते आणि कोण नव्हते, हा प्रश्न मी विसरत नाही. तरी त्या विधीची मूळ कल्पना मला विचार करावयास लावते. लिलावातही एका बाजूला माणूस आणि दुसऱ्या बाजूला सोने असते. दिसावयास दोन्ही देखावे एकच. परंतु लिलावात सोन्यावरून माणसाचे माप ठरते, आणि तुलेत माणसावरून सोन्याचे. आणि पारडी समान झाल्यावर माणूस उतरतो तो आपल्या पायांनी, कोणाचाही न होता. जाते ते सोने, आणि तेही दुसऱ्यांच्या ओंजळीत.

प्रत्येकाची सुवर्णतुला करावी, असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. क्लबाला आघाडीवीर निवडावाच लागेल, शाळेला बारा मुले निवडावीच लागतील, आणि निवडले की कोणी तरी मागे राहणारच. न तोलता निवड करा असे म्हणणारा माणूस शेवटी ओळखीचीच माणसे निवडतो, हे आपण इतक्या ठिकाणी पाहिले आहे, की प्रामाणिक तागडी ही गरिबाच्या मुलाची मित्र आहे असेच मी म्हणेन. आडनावाला नसलेले वजन त्याच्या चढाईला असू शकते, आणि ते मोजले जावे यातच त्याचे हित आहे.

म्हणून तागडी असू द्यावी. ती दिवसाउजेडी टांगलेली असावी, तिची मापे सर्वांना ठाऊक असावीत, आणि पारड्यात कसब घालावे, कूळ नव्हे. जो भरला त्याचे कसब घेताना त्याला मंडपाबाहेर ठेवू नये. जो भरला नाही त्याला कारण सांगावे आणि त्याची उभे राहण्याची जागा काढून घेऊ नये. एवढे पाळले तर १ कोटी २० लाखांची बोली काय किंवा तालुक्याच्या स्पर्धेतली बारा नावे काय, दोन्हींत लाज वाटण्यासारखे काही नाही. आमच्या शाळेचा काटा कपाटात असतो. वर्षातून एकदा तो बाहेर निघतो, पुसला जातो, आणि मुले ओळीने त्यावर चढतात. त्यावर जो आकडा दिसतो तो मी वहीत लिहून घेतो. मुलगा काट्यावरून खाली उतरतो, तेव्हा त्याचे नाव घेऊन त्याला हाक मारावी, एवढे मात्र मी कटाक्षाने पाळतो.